पगारी उन्हाळा

सकाळी ६.००

जर्नल स्क्वेअरहून पाथ ट्रेन, तेहतिसाव्या रस्त्याला उतरून एक चौक चालणं, पेन स्टेशनहून एक नंबरची लोकल आणि मग १३७वा रस्ता. जर्सी सिटीतल्या घरापासून हार्लेमच्या टेकडीपर्यंत सव्वा तास सहज जातो. जुलैत मी लवकर निघते. आठनंतर सबवेच्या फलाटावर उभं राहवत नाही.

स्टेशनच्या नावातच कॉलेज आहे : १३७ स्ट्रीट, सिटी कॉलेज. बाहेर पडलं की चढ लागतो. वर काळपट दगडाच्या, पांढऱ्या नक्षीच्या जुन्या इमारती दिसतात. न्यूयॉर्कची पहिली सबवे खणली तेव्हा निघालेला दगड त्यांच्या भिंतींना लावला आहे. कॉलेज त्याहून जुनं. १८४७ साली ते 'फ्री अकॅडमी' म्हणून सुरू झालं आणि फी घ्यायची नाही हा नियम १९७६ पर्यंत टिकला. पोलिओची लस काढणारे जोनास साल्क इथलेच. त्यांच्या पिढीत इथे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कामगारांची मुलं शिकायची. आज डॉमिनिकन, पोर्टोरिकन, मेक्सिकन, बांगलादेशी, पश्चिम आफ्रिकी घरांतली शिकतात. सकाळी पहिल्या गाडीने कामाला जाणारे आईवडील तेव्हाही होते, आताही आहेत.

मी इथे संशोधक म्हणून काम करते. वर्षाचे दहा आठवडे माझा सगळा वेळ उन्हाळी प्रशिक्षणाला जातो. पदवीची मुलं येतात, आम्ही त्यांना उपग्रहावरून आणि जमिनीवरून हवा आणि उष्णता मोजायला शिकवतो. पैसा केंद्र सरकारचा.

सकाळी ७.३०

पहिलं काम स्टाइनमन हॉलच्या छतावर. इथे सूर्याकडे तोंड करून फिरणारं एक यंत्र आहे, सन फोटोमीटर. नासाच्या 'एरोनेट' या जाळ्यातली अशी यंत्रं जगभर शेकड्यांनी आहेत. सूर्याचा सरळ येणारा प्रकाश वेगवेगळ्या तरंगलांबींत मोजायचा आणि वाटेत धूळ, धूर, काजळी यांनी किती अडवला ते काढायचं, एवढंच त्याचं काम. स्वच्छ दिवशी आकडा ०.१ च्या आसपास असतो. आकडा १ झाला की सरळ येणाऱ्या प्रकाशातला जेमतेम ३७ टक्के खाली पोचतो. ७ जून २०२३ रोजी कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर उतरला आणि भरदुपारी आकाश नारिंगी झालं. आता शिकायला आलेल्या मुलांपैकी बहुतेकांना तो दिवस आठवतो. काही जण तेव्हा शाळेत होते.

आज छतावर माझ्याआधी ब्रॉन्क्सची मुलगी हजर आहे. यंत्राच्या नळीत कोळ्याने जाळं केलं नाही ना, हे बघायची पाळी तिची. "मिस, क्लीन," ती वरूनच ओरडते. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत शिकलेली मुलं कुठल्याही शिकवणाऱ्या बाईला 'मिस' म्हणतात, नाव कितीदाही सांगा. तिच्या धाकट्या भावाला दमा आहे. दक्षिण ब्रॉन्क्समध्ये हे सांगायला कुणी आवाज खाली करत नाही, इतक्या घरांत इन्हेलर असतो.

सकाळी ९.००

वर्ग भरतो. आठ मुलं आहेत. तीन सिटी कॉलेजची, बाकीची, सिटी कॉलेज ज्या विद्यापीठात येतं त्याच्याच दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांतून आलेली. तिथे प्रयोगशाळा असतात, पण संशोधन जवळजवळ नसतं. प्राध्यापकांच्या वाट्याला इतके तास शिकवणं येतं की दुसऱ्या कशाला वेळ उरत नाही. म्हणून अशा मुलांना दहा आठवडे दुसऱ्या प्रयोगशाळेत बसवायचं, ही या योजनेमागची कल्पना. नॅशनल सायन्स फाउंडेशनने, म्हणजे एनएसएफने, पदवीच्या मुलांसाठीची ही संशोधन योजना १९८७ साली सुरू केली. आरईयू म्हणून ती सगळ्या देशात ओळखली जाते.

हवामान खात्याची मातृसंस्था नोआ हिने २००१ मध्ये वेगळी वाट धरली. समुद्र, हवा आणि उपग्रह यांवर काम करणारी माणसं हवी असतील, तर ती जिथे शिकतात तिथेच केंद्र उभारायचं. असं एक केंद्र सिटी कॉलेजात आलं, एक वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, एक फ्लोरिडा ए अँड एममध्ये. नंतरची दोन ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठं. १९६४ च्या आधी, कृष्णवर्णीयांना शिकवण्यासाठी म्हणूनच स्थापन झालेल्या संस्थांना कायद्याने हे नाव दिलं आहे आणि अशा संस्था शंभराच्या घरात आहेत. सिटी कॉलेजचा वर्ग निराळा. जिथे पदवीचे किमान २५ टक्के विद्यार्थी हिस्पॅनिक, ते कॉलेज 'हिस्पॅनिक सर्व्हिंग'. त्याला इतिहास लागत नाही, हजेरीपट लागतो.

वर्गात पायथॉनमधलं प्रोग्रॅमिंग चालू आहे. अमेरिकेच्या पूर्व भागावर रोखलेला 'गोज' उपग्रह दर पाच मिनिटांनी देशाचं चित्र पाठवतो आणि ते सगळं फुकट उतरवून घेता येतं. मुलं फायली उघडतात, चुकतात, परत उघडतात. इथे सांगण्यासारखं फार नाही. पहिल्या तासाला सगळीकडे असंच असतं.

सकाळी ११.१५

आज लँडसॅट जायचा आहे. लँडसॅट ८ आणि ९ हे दोन उपग्रह ७०५ किलोमीटर उंचीवरून आळीपाळीने फिरतात, त्यामुळे एकाच जागेवरून आठ दिवसांनी एकदा दोघांपैकी एक जातो. आमच्या डोक्यावरून तो सकाळी साडेअकरा-पावणेबाराच्या सुमारास जातो आणि सबंध मॅनहॅटन ओलांडायला त्याला तीनेक सेकंद पुरतात. त्या वेळी आम्ही रस्त्यावर असलं पाहिजे.

दोघादोघांच्या चार जोड्या होतात. एक सेंट निकोलस पार्कात, एक अॅमस्टरडॅम अॅव्हेन्यूवर, एक १२५व्या रस्त्यावर, एक बस डेपोपाशी. हातात इन्फ्रारेड थर्मामीटर. कोविडमध्ये दारोदार कपाळावर धरायचे तसलाच, पण जमिनीसाठी. पार्कातल्या सावलीतलं गवत ३० अंश सेल्सिअस. डांबर ५७. उन्हातल्या बस थांब्याचा धातूचा बाक ५१, आणि त्यावर एक आजी पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. जॅक्सन हाइट्सचा बांगलादेशी मुलगा त्यांना अदबीने विचारतो, बाकाचं तापमान घेऊ का? त्या उठतात, तो मोजतो, त्या परत बसतात. "मला आकडा सांगू नकोस," त्या म्हणतात.

उपग्रह जमिनीचं तापमान मोजतो, हवेचं नाही, हे सकाळी फळ्यावर लिहून झालं होतं. डोक्यात शिरतं ते इथे. हवा ३४ अंश आहे आणि पायाखाली ५७. शिवाय लँडसॅटच्या उष्णतेच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा सुमारे शंभर मीटरचा चौकोन. हार्लेमचा अर्धा चौक, त्यातली झाडं, गाड्या, छपरं आणि आजींचा बाक मिळून एकच आकडा.

मग तो प्रश्न येतोच : पार्काच्या पलीकडे झाडं का नाहीत? उत्तर शोधायला आम्ही जुने नकाशे उघडतो. १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे काढून कर्जाच्या दृष्टीने वस्त्यांना प्रतवारी दिली. सर्वांत खालच्या, लाल रंगाच्या प्रतीत हार्लेमचा बहुतेक भाग होता. कर्ज नाही, म्हणून डागडुजी नाही, झाडं नाहीत. अमेरिकेतल्या १०८ शहरांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात या लाल वस्त्या इतर वस्त्यांहून सरासरी २.६ अंश सेल्सिअसने अधिक तापलेल्या निघाल्या. आजच्या आमच्या वहीतले आकडे त्या नकाशावर ठेवता येतात. मुलं ठेवतात आणि काही वेळ कुणी विनोद करत नाही.

दुपारी १.००

जेवण. माझ्या डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. ब्रॉन्क्सची मुलगी घरचा भात आणि राजम्यासारख्या लाल दाण्यांचं कालवण आणते. बाकीचे कोपऱ्यावरच्या गाडीवरून हलाल चिकन-भात. बोलणं पैशांवर येतं, आणि या सगळ्या उपक्रमाचं मर्म तिथेच आहे.

मुलांना आठवड्याला साधारण ७०० डॉलर विद्यावेतन मिळतं. दहा आठवड्यांचे ७,०००. २०२५ साली न्यूयॉर्क शहरात किमान वेतन तासाला १६.५० डॉलर होतं. आठवड्याला चाळीस तास धरले तर औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसून दहा आठवड्यांत ६,६०० डॉलर होत. म्हणजे सरकार या मुलांना वैज्ञानिक म्हणून जे देतं, ते तेव्हा दुकानदार देत होता त्याहून जेमतेम चारशे डॉलरनी जास्त होतं. पण तेवढं असलं की मुलगी घरी सांगू शकते, "मी उन्हाळ्यात काम करते आहे." आईला हे वाक्य कळतं. 'अनुभवासाठी जाते' हे कळत नाही, आणि भाडं देणाऱ्या घरात ते कळावं अशी अपेक्षाही चुकीची आहे.

मोठ्या खासगी विद्यापीठांतली पुष्कळ मुलं प्रयोगशाळेत फुकट राबतात. पुढे पीएचडीच्या अर्जावर त्यांच्याकडे दोन उन्हाळ्यांचं संशोधन असतं. आमच्या मुलांकडे दोन उन्हाळ्यांची दुकानदारी असते. फरक हुशारीत शोधणाऱ्यांना तो तिथे सापडतोही. तो असतो मात्र घरभाड्यात.

मी साताऱ्याची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये काढलेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकले, 'कमवा आणि शिका'त ग्रंथालयात पुस्तकं लावली. त्या योजनेने माझं शिक्षण चालू राहिलं याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण इथे एक पाऊल पुढचं पाहिलं. इथे कमावणं आणि शिकणं हे एकच काम आहे. मुलगी उपग्रहाचे आकडे तपासते, त्याचेच पैसे मिळतात.

दुपारी २.१५

ज्या मुलाला या योजनेत घेता येत नाही, त्याची ही वेळ. तो लहानपणी आईवडिलांबरोबर इथे आला आणि त्याच्याकडे कागद नाहीत. एनएसएफच्या या योजनेचं विद्यावेतन फक्त अमेरिकी नागरिकाला किंवा कायमच्या रहिवाशाला देता येतं. न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली होजे पेराल्टा ड्रीम अॅक्ट केला, त्यामुळे फीसाठी राज्याची मदत त्याला मिळते. केंद्राच्या प्रयोगशाळेची दारं मात्र बंद. तो बुधवारी दोन तास माझ्याकडे गणित शिकायला येतो आणि मग इमारतीच्या कामावर जातो. आठवड्यातून दोन तासांत संशोधक घडत नाही. हे त्यालाही ठाऊक आहे, मलाही. आज त्याने उष्णतेच्या प्रारणाचं समीकरण स्वतः सोडवलं. टेबलावर वही ठेवली, हेल्मेट उचललं आणि गेला.

दुपारी ३.००

बांगलादेशी मुलाचं चित्र जुळत नाही. "आपा, सॅटेलाइट चूक आहे," तो येऊन सांगतो. आपल्या माणसांत असताना तो मला आपा म्हणतो. त्याच्या आलेखात छतावरच्या यंत्राला धुराचा आकडा सकाळी चढलेला दिसतो आणि उपग्रहाला दुपारी. मी उत्तर देत नाही, फाइलच्या नावात वेळ कशी लिहिली आहे ते पाहायला सांगते. वीस मिनिटं तो पडद्याकडे बघतो. मग एकदम हसतो. उपग्रहाची वेळ ग्रिनिचची आणि न्यूयॉर्क उन्हाळ्यात चार तास मागे. त्याचा १५.०० म्हणजे दुपारचे तीन नव्हेत, सकाळचे अकरा. चार तास सरकवल्यावर दोन्ही रेषा एकमेकींच्या अंगावर येतात.

ही वीस मिनिटं मला या दिवसातली सर्वांत महागडी वाटतात, आणि सर्वांत मोलाचीही. उत्तर दहा सेकंदांत सांगता आलं असतं. पण यंत्र चूक आहे की मी, हा संशय स्वतःवर घ्यायला शिकणं याला वेळ लागतो. शिफ्ट गाठायची घाई असलेल्या मुलाकडे तो नसतो.

दुपारी ४.३०

मुलं आपापलं टिपण लिहितात. शेवटच्या आठवड्यात भित्तिपत्र करून उभं राहायचं आहे. मी हिशेबाला बसते. एनएसएफच्या अनुदानात मुलांसाठीचा पैसा वेगळ्या खात्यात असतो : विद्यावेतन, प्रवास, राहणं-खाणं. या खात्यावर कॉलेजला व्यवस्थापन खर्च लावता येत नाही, आणि परवानगीशिवाय तो दुसरीकडे वळवताही येत नाही. सरकारी नियमांना नावं ठेवायची सवय आपल्याला असतेच, पण हा नियम ज्याने लिहिला त्याला मुलांची बाजू कळत होती.

हल्ली हिशेबापेक्षा ईमेलचीच धास्ती. एप्रिल २०२५ मध्ये एनएसएफने चालू असलेली शेकडो अनुदानं मध्येच रद्द केली. विज्ञानात मागे राहिलेल्या गटांना आणण्याचे उपक्रम त्यांत मोठ्या संख्येने होते. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने 'मार्क' ही १९७० च्या दशकापासूनची पदवीच्या मुलांसाठीची योजना गुंडाळली. त्याच वर्षी सप्टेंबरात शिक्षण खात्याने अल्पसंख्याकांना शिकवणाऱ्या कॉलेजांची सुमारे ३५ कोटी डॉलरची अनुदानं थांबवली. विशिष्ट वंशाच्या मुलांची टक्केवारी पाहून कॉलेजला पैसा देणं घटनाबाह्य आहे, असं कारण दिलं. काही प्रकरणं कोर्टात गेली. आमचा उन्हाळा वाचला, शेजारच्या मजल्यावरचा एक उपक्रम वाचला नाही. तिथल्या मुलांपैकी एकीला मी परवा सुपरमार्केटच्या गल्ल्यावर पाहिलं.

संध्याकाळी ६.१५

सगळे निघतात. नियमाप्रमाणे दहा आठवडे दुसरी नोकरी करायची नाही, तरी ब्रॉन्क्सची मुलगी शनिवारी दुकानात जाते आणि मी विचारत नाही. आज ती स्टेशनपर्यंत बरोबर येते. पीएचडीला पगार मिळतो का, हे तिला विचारायचं होतं. मिळतो, फीही भरावी लागत नाही, मी सांगते. ती चढावरच थांबते. घरात कुणी पदवीपर्यंतही गेलेलं नाही. पीएचडी म्हणजे आणखी पाच वर्षांची फी, असंच ती धरून चालली होती. ही एक ओळ तिला कुणी आधी सांगितली नव्हती. प्रशिक्षणाच्या अहवालात या संभाषणासाठी रकाना नसतो.

रात्री ९.००

साताऱ्यात सकाळचे साडेसहा. मी घरी फोन लावते. आईचा चहा झालेला असतो, मामा पेपर वाचत बसलेले. मामांचा प्रश्न ठरलेला : "म्हणजे तिकडेही आरक्षणच की!" नाही, मामा. आमच्याकडे एकही जागा राखीव नाही. अर्ज कुणीही करावा, या वर्षी आठांत एक पोलिश आडनावाचा मुलगाही आहे. टक्केवारी बघितली जाते ती कॉलेजची, आणि तीही एवढ्यासाठी की सरकारी संशोधनाचा पैसा वर्षानुवर्षं त्याच मोजक्या नामवंत विद्यापीठांत जातो, त्यातला थोडा या टेकडीवरही यावा. "मग थांबवलं कशाला?" मामा विचारतात. इथेही वाद आपल्यासारखाच आहे, असं म्हणून मी सुटका करून घेते, कारण सकाळी परत सहाला निघायचं असतं.

माझं मत मात्र पक्कं झालं आहे. विज्ञान शिक्षणावर सरकारने खर्च करायचा म्हणजे इमारती आणि यंत्रं घ्यायची, असं आपण दोन्ही देशांत समजतो. छतावरचं यंत्र एकदा घेतलं की अनेक वर्षं चालतं. गरीब घरातल्या विद्यार्थ्याचा वेळ मात्र दर उन्हाळ्यात नव्याने विकत घ्यावा लागतो, आणि तो सरकारने घेतला नाही तर दुकानदार घेतोच.

जाता जाता एक कामाची गोष्ट. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, टेक्सासमधल्या अनेक मराठी घरांतली मुलं अशाच सरकारी कॉलेजांत शिकतात. ती नागरिक किंवा कायमची रहिवासी असतील, तर आरईयूचे अर्ज त्यांनी जरूर करावेत. अर्ज भरायला पैसे पडत नाहीत. मुदत बहुतेक ठिकाणी जानेवारी ते मार्चमध्ये संपते, तेव्हा शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना डिसेंबरातच गाठा.